ऐतिहासिक नाटकासाठी आणि चित्ररथासाठी चिलखत कसे निवडावे, कसे घडवावे

शिगमोत्सवातील चित्ररथ असोत किंवा देवळांच्या उत्सवांत रात्रभर चालणारी ऐतिहासिक नाटके असोत, गोव्यातील गावोगावची मंडळी दरवर्षी आपल्या हातांनी चिलखते उभी करतात. या कामातला उत्साह फार मोठा असतो, पण बहुतेक ठिकाणी एकच साचा वापरला जातो. कदंब राजा, आदिलशाही सरदार, पोर्तुगीज कप्तान आणि मराठा शिलेदार या चौघांच्याही छातीवर तोच चंदेरी रंगाचा फुगीर पत्रा दिसतो. जी मंडळी संवादातल्या एका शब्दासाठी तासभर वाद घालतात, त्यांनी पोशाखाच्या बाबतीत एवढ्यावर समाधान मानू नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून कोणते चिलखत कशाचे असे, ते कितपत उपयोगी पडे आणि आज आपण ते कसे बनवावे, हे येथे क्रमाने सांगत आहे.

आधी घाव ओळखावा

कामाला हात घालण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हे चिलखत कोणत्या घावासाठी आहे? सर्व घावांना पुरून उरणारे चिलखत कधीच अस्तित्वात नव्हते. तलवारीची धार कापते, कट्यारीचे किंवा भाल्याचे टोक भोसकते, गदा हाडे मोडते आणि बंदुकीची गोळी जाड पत्राही फोडते. या चार घावांना रोखण्याचे उपाय निरनिराळे आहेत आणि त्यांतला एक उपाय साधताना दुसरा बहुधा ढिला पडतो. त्यात वजन, उष्णता आणि खर्च यांची भर पडते. दोन-तीनशे मैल घोड्यावरून जाणारा शिलेदार आणि जहाजाच्या कठड्यावर उभा राहून लढणारा कप्तान एकसारखे चिलखत घालणार नाहीत, हे ध्यानात ठेवले की पुढची निवड सोपी होते.

कापड: सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी

चिलखत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोखंड येते. परंतु जगातील बहुसंख्य सैनिकांच्या अंगावर लढाईत जे काही होते ते कापड होते. सुती किंवा तागाच्या कापडाचे पंधरा, वीस, पंचवीस थर एकावर एक ठेवून, किंवा दोन थरांत कापूस भरून, दाट धाव्यांनी शिवलेला अंगरखा म्हणजे जवळजवळ आपली गोधडीच. धारदार पाते जेव्हा अशा अंगरख्यावर पडते, तेव्हा त्याला प्रत्येक थर निराळा कापावा लागतो, थर एकमेकांवर सरकतात, तंतू पात्याभोवती दाटतात आणि घावाचा जोर वाटेतच संपतो. गदेच्या किंवा काठीच्या माराविरुद्ध तर कापड हे लोखंडी कड्यांपेक्षाही अधिक कामाचे ठरते, कारण ते मार शोषून घेते. अरुंद टोकाच्या कट्यारीपुढे मात्र ते कमी पडते.

या प्रकाराला कमी लेखणाऱ्यांनी मेक्सिकोचा दाखला पाहावा. १५१९ ते १५२१ या काळात तेथे लढणाऱ्या स्पॅनिश सैनिकांपैकी अनेकांनी तेथील लोकांची कापूस भरलेली जाड बंडी स्वीकारली, कारण त्या हवामानात तीच सोसवत होती आणि बाणांपुरती ती पुरेशी होती. आपल्या बाजूला, १५२० च्या सुमारास विजयनगरास गेलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने तेथील सैनिकांच्या जाड शिवलेल्या अंगरख्यांचे वर्णन करून ठेवले आहे. ज्याला नाटकात विजयनगरचा किंवा आदिलशाहीचा साधा शिपाई उभा करायचा आहे, त्याने पत्र्याच्या मागे न लागता असा अंगरखा शिवावा. दोन जुन्या सुती साड्या, मध्ये पातळ कापूस, आणि दोन बोटांच्या अंतरावर उभ्या धाव्यांच्या ओळी एवढ्यावर तो होतो. सरदारासाठी वर मखमल घालून तिच्यावर पितळी टोप्यांचे बारीक खिळे दाट बसवावेत. अशा खिळ्यांच्या अंगरख्याला ‘चिलता हजार माशा’ म्हणत.

आणखी एक गोष्ट. कड्यांचे किंवा पत्र्याचे चिलखत उघड्या अंगावर किंवा साध्या सदऱ्यावर कधीच घालत नसत. आत जाड शिवलेले वस्त्र असायचेच, कारण कडी तुटली नाही तरी माराने बरगडी तुटू शकते. रंगभूमीवरही आत असे वस्त्र घातले की चिलखत अंगावर नीट बसते आणि नट रुंद दिसतो.

कातडे, खवले आणि ढाल

कच्चे कातडे वाळले की टणक होते, आणि पाण्याच्या उष्णतेने संस्कारित केलेले कातडे त्याहून घट्ट होते. परंतु ओल लागली की ते मऊ पडते, म्हणून आपल्या पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही. लहान तुकडे कापडावर माशाच्या खवल्यांप्रमाणे बसवणे किंवा लांबट पट्ट्या एकमेकींना दोऱ्यांनी बांधणे, हे दोन प्रकार आशियात हजारो वर्षे चालले. इंग्लंडमधील लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात खवले मांजराच्या खऱ्या खवल्यांचा, सोन्याने नक्षी केलेला भारतीय अंगरखा आहे. तो १८२० मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाला भेट म्हणून देण्यात आला होता. आपल्या सह्याद्रीच्या रानातला हा लाजरा प्राणी स्वतः अंग मिटून घेतो तेव्हा खवल्यांची मांडणी कशी काम करते हे अगदी स्पष्ट कळते.

ढालीबद्दल मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण ती बनवताना एक चूक नेहमी होते. भारतीय गोल ढाल गेंड्याच्या किंवा म्हशीच्या जाड कातड्याची असे आणि तिच्यावर चार फुल्या असत. या फुल्या शोभेच्या नव्हेत. आतल्या बाजूला हाताने धरायच्या मुठींची टोके ज्या कड्यांत अडकवलेली असतात, त्या कड्यांचे खिळे ढालीतून आरपार येतात आणि त्यांची डोकी म्हणजे या फुल्या. म्हणून त्या मध्याजवळ, मुठीच्या रुंदीएवढ्या अंतरावर असाव्यात. कडेला विखरून लावलेल्या फुल्या पाहून जाणकार लगेच ओळखतो. आत बोटांच्या सांध्यांमागे लहान गादीही शिवावी.

कड्यांचे चिलखत

दख्खनच्या इतिहासाशी सर्वांत जवळचा प्रकार हा आहे. ‘जिरेटोप’ या शब्दातील ‘जिरे’ मसाल्याचे नसून फारसी ‘झिरिह’ म्हणजे कड्यांचे चिलखत होय. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकते आणि चांगल्या चिलखतात प्रत्येक कडीची टोके चपटी करून, एकमेकांवर ठेवून, त्यांतून सूक्ष्म रिव्हेट ठोकलेला असतो. अनेक भारतीय चिलखतांत एक ओळ अशा रिव्हेटच्या कड्यांची आणि एक ओळ अखंड कड्यांची असते. केवळ टोके जुळवून मिटलेल्या कड्यांचे चिलखत टोकदार शस्त्रापुढे उघडते; संग्रहालयात ते दिसले, तर ते बहुधा उत्तरकालीन आणि मिरवणुकीसाठी केलेले असते.

गुण म्हणाल तर तलवारीच्या धारेला यापेक्षा चांगला आणि अंगाबरोबर वळणारा उपाय नाही. अंगरख्याखाली ते लपते, हा दुसरा गुण. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाने केलेला कट्यारीचा वार शिवाजी महाराजांच्या अंगाला लागला नाही, कारण पोशाखाखाली चिलखत होते. खानाच्या अंगावर मात्र ते नव्हते. त्या प्रसंगाचे नाटक करताना महाराजांच्या अंगावर बाहेरून चकाकणारे चिलखत दाखवणे म्हणजे प्रसंगाचा प्राणच काढून घेणे आहे. ते झाकलेले असावे, आणि वार बसताना फक्त कड्यांचा आवाज यावा.

दोषही तितकेच खरे आहेत. सगळे वजन खांद्यांवर येते. म्हणून कमरेला घट्ट शेला किंवा पट्टा बांधून निम्मे वजन कमरेवर घ्यावे लागते. पेशकब्ज या कट्यारीसारखे निमुळते, जाड पाठीचे टोक एका कडीत शिरून तिला फोडण्यासाठीच घडवलेले असे. आणि मुका मार कड्यांमधून जसाच्या तसा आत जातो. या उणिवेवर उपाय म्हणून मुघल, इराणी आणि दख्खनी कारागिरांनी कड्यांमध्येच लहान पत्रे गुंफले, किंवा कड्यांच्या चिलखतावर छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांसाठी चार पोलादी पत्रे पट्ट्यांनी बांधले. याच चार पत्र्यांना ‘चार आयना’ म्हणजे चार आरसे असे नाव आहे. त्यांच्याबरोबर कोपरापर्यंत पोहोचणारे दस्ताने आणि मागे कड्यांची झालर असलेला टोप घातला की आदिलशाही किंवा मुघल सरदार पुरा होतो. बिकानेरच्या महाराजा अनूपसिंहांनी १६८९ मध्ये अदोनीहून नेलेली दख्खनी चिलखते आजही जगभरच्या संग्रहांत आहेत. नक्षीसाठी त्यांची छायाचित्रे जरूर पाहावीत.

पत्र्याचे चिलखत

धातूचे पत्रे अंगावर घालण्याची कल्पना फार जुनी आहे. ग्रीसमधील देंद्रा येथे सापडलेले कांस्याचे संपूर्ण चिलखत इसवी सनापूर्वीच्या पंधराव्या शतकातले आहे. कांस्य गंजत नाही, लोखंड गंजते. तरीही लोखंड टिकले, कारण ते विपुल होते आणि कर्ब मिसळून, तापवून, पाण्यात विझवून त्याचे पोलाद करता येत होते. युरोपात पंधराव्या शतकात त्यातून जे अंगभर चिलखत तयार झाले, त्याचे वजन साधारण १५ ते २५ किलो असे आणि ते सगळ्या अंगावर वाटलेले असे. ते घातलेला योद्धा घोड्यावर चढण्यासाठी यारीने उचलावा लागे, ही कथा निव्वळ खोटी आहे. पण वजन हातापायांवर विभागलेले असल्यामुळे दमछाक होते हेही तितकेच खरे. लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये तशाच चिलखतांत माणसांना चालवून पाहिले, तेव्हा चालण्याला दुपटीहून अधिक ऊर्जा लागली. आपल्या उन्हाचा विचार त्यात धरलेला नाही.

पत्र्याची खरी शक्ती जाडीपेक्षा आकारात असते. छातीचा पत्रा मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असतो, त्यामुळे भाल्याचे टोक सरळ न बसता घसरते. जे टोक पत्र्याला ४५ अंशांच्या तिरक्या कोनात लागते, त्याला जवळपास दीडपट धातू भेदावा लागतो. ६० अंशांवर दुप्पट. म्हणून सपाट पुठ्ठा छातीला बांधून तो पोर्तुगीज कप्तानाचा पत्रा म्हणू नये. मधली कणी, म्हणजे उभा उंचवटा, उठलीच पाहिजे.

पत्रा भेदत नाही म्हणून योद्धा सुरक्षित असतो असे मात्र नाही, कारण शत्रू पत्र्यावर नव्हे तर फटीवर वार करतो. पोर्तुगीज भारताचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा १५१० च्या मार्चमध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ तेथील खोईखोई लोकांशी झालेल्या चकमकीत गळ्यात भाला लागून मेला. त्याचा मुलगा लोरेन्सो १५०८ मध्ये आपल्या कोकणातल्या चौलच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडून पडला आणि डोलकाठीपाशी बसून लढत असताना मारला गेला. बापाच्या बाबतीत फट राहिली होती. मुलाच्या बाबतीत कोणतेही चिलखत पुरले नसते.

बंदुकीने हा सगळा हिशेब बदलला. दमदार लांब धनुष्याच्या बाणाची ऊर्जा शंभर ज्यूलच्या आसपास असते, तर जड तोडेदार बंदुकीच्या गोळीची दोन हजारांच्या पुढे जाते. कारागिरांनी छातीचा पत्रा दुप्पट-तिप्पट जाड केला, आणि काही जण त्यावर पिस्तुलाची गोळी झाडून पडलेला खळगा गिऱ्हाइकाला खात्री म्हणून दाखवीत. पण एक चौरस मीटर आकाराच्या आणि एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन ७.८५ किलो भरते. जाडी वाढवीत गेले की माणूस चालेनासा होतो. म्हणून सतराव्या शतकात आधी पायांचे, मग हातांचे पत्रे गेले, छाती-पाठ आणि टोप उरले, आणि पुष्कळांनी तेही टाकून जाड कातडी कोट पत्करला.

कोणत्या काळाला काय

कदंबकाळासाठी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, हाच आपला आधार आहे. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात नौकायुद्ध कोरलेला वीरगळ पाहावा. बहुतेक वीर उघड्या अंगाने, कमरेला वस्त्र, हाती ढाल आणि तलवार अशा रूपात असतात. शिल्पकार देह दाखवण्यासाठी अंगरखा गाळतो, ही शक्यता मी धरतो. पण रंगमंचावर ढाल आणि कमरपट्टा एवढ्यावर कदंब योद्धा शोभून दिसतो, पत्र्याने शोभत नाही.

१५१० मधील आफोन्सो द आल्बुकेर्क या पोर्तुगीज सेनानीच्या गोव्यावरील स्वारीच्या प्रसंगात पोर्तुगीज बाजूला पत्र्याची छाती, उघडा टोप आणि कड्यांच्या बाह्या चालतील. खलाशांना शिवलेली बंडी द्यावी. त्याच संग्रहालयात वरच्या मजल्यावर व्हाइसरॉयांची चित्रे आहेत. ही चित्रमालिका १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रो याने सुरू केली. त्यांतली चिलखते पाहून नक्कल करण्याचा मोह होतो, पण ती चित्रे पुढे अनेकदा नव्याने रंगवली गेली आहेत, तेव्हा एखाद्या चित्रातील पत्रा त्या व्हाइसरॉयच्या काळाचाच असेल असे समजू नये.

नोव्हेंबर १६८३ मधील संभाजी महाराजांची जुवे बेटावरची स्वारी दाखवायची असेल, तर व्हाइसरॉयचे सैनिक नखशिखांत पत्र्यात उभे करणे ही ढोबळ चूक ठरेल. बंदूक, दारूची शिंगे आणि कातडी कोट यांचा तो काळ आहे. एखाद्या अधिकाऱ्याला छातीचा पत्रा पुरे. मराठा शिलेदारांत काहींना कड्यांचे चिलखत, बाकीच्यांना जाड अंगरखा आणि ढाल द्यावी.

कड्यांचा नमुना घडवणे

ज्याला हे चिलखत खरेच समजून घ्यायचे आहे, त्याने शंभर कड्यांचा एक तुकडा स्वतः विणावा. हार्डवेअरच्या दुकानातून १६ गेजची, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीची जीआय तार आणावी आणि ८ मिलिमीटरच्या सळईवर ती घट्ट गुंडाळून स्प्रिंगसारखी करावी. डोळ्यांना चष्मा लावून, कातरणीने एका रेषेत कड्या तोडाव्यात. या तारेवर जस्ताचा मुलामा असतो, त्यामुळे ती आगीत तापवू नये. तिचा धूर विषारी असतो. चार कड्या पूर्ण मिटाव्यात, पाचवी उघडी ठेवून त्या चारही तिच्यात ओवाव्यात आणि मग ती मिटावी. असे पाच-पाचचे गुच्छ करून घ्यावेत आणि शेजारचे दोन गुच्छ जोडताना नवी कडी दोघांच्या दोन-दोन कड्यांतून घ्यावी. कडी मिटताना दोन पकडींनी टोके बाजूला मुरडून जुळवावीत. ओढून फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही.

अशी एक कडी सुमारे अर्ध्या ग्रॅमची होते, शंभर कड्यांचे ४८ ग्रॅम. पूर्ण चिलखताला वीस हजार कड्या धरल्या तर साडेनऊ किलो भरतात, आणि जुन्या चिलखतांचे वजन साधारण इतकेच, किंवा थोडे अधिक, सापडते. नमुना ओल्या चिकणमातीच्या गोळ्यावर ठेवून वर लाकडी दांड्याचा एक ठोका द्यावा. कड्या शाबूत राहतात आणि खालच्या मातीत खड्डा पडतो. मग त्याखाली गोधडीचा तुकडा ठेवून तोच ठोका द्यावा. खड्ड्यांतला फरक पाहिला की आतल्या वस्त्राचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पात्याचे प्रयोग केळीच्या बुंध्यावर करावेत, माणसाच्या अंगावर कधीही नव्हे.

रंगमंचासाठी

साडेनऊ किलोचे चिलखत तीन अंक अंगावर बाळगणे नटाला अवघड जाते. त्यासाठी सुतळी मोठ्या सुयांवर सैल विणावी, आधी पूर्ण काळ्या रंगात बुडवावी, आणि वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशाने वरवर चंदेरी रंग फिरवावा. खोलगट भाग काळेच राहतात आणि पाच-सात हातांवरून कड्यांचा भास होतो. पत्र्यासाठी पाच मिलिमीटरचा फोम गरम हवेने वाकवून कणी उठवावी, आणि रंग शुद्ध चंदेरी न घेता त्यात थोडा काळा मिसळावा.

मापाबद्दल मी स्वतः केलेली चूक सांगतो. एका उत्सवातील नाटकासाठी मी पातळ पत्र्याचे छातीचे चिलखत कमरेच्या खालपर्यंत लांब केले होते. दुसऱ्या अंकात नट गुडघ्यावर बसला, खालची कड मांड्यांवर टेकली, वरची कड गळ्याशी आली आणि त्याला स्वगत म्हणता येईना. नंतर जुन्या चिलखतांची छायाचित्रे पुन्हा पाहिली तेव्हा कळले की खरा पत्रा बेंबीच्या थोडा वर, कंबर जिथे वाकते तिथे संपतो आणि त्याखाली मांडीसाठी सरकत्या पट्ट्या असतात. काखेचा कापही खूप खोल असतो. म्हणून तालमीतच तीन गोष्टी करून घ्याव्यात: नटाने मांडी घालून बसावे, दोन्ही हात डोक्यावर जोडावेत, आणि छातीपुढे हातांची घडी घालावी. जिथे अडेल तिथे कापावे.

खऱ्या धातूचे काही वापरले असेल तर प्रयोग संपताच घाम कोरड्या फडक्याने पुसावा, पातळ यंत्रतेलाचा हात फिरवावा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेले चिलखत आपल्या पावसाळ्यात आतल्या आत घामेजते आणि चतुर्थीपर्यंत तांबडे होते. मृगापूर्वी एकदा उघडून, तेल लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसह पत्र्याच्या ट्रंकेत ठेवावे आणि श्रावणात पुन्हा एकदा पाहावे.